लहान ट्रॅक्टरला कुठलं अवजार झेपतं? एचपीच्या आधी वजन बघा

एप्रिल-मे आला की मला फोन सुरू होतात. फोन करणारे आमचेच नातेवाईक नाहीतर ओळखीचे, राहायला कल्याण, बदलापूर, ऐरोली, घणसोली, आणि गावाला मुरबाड किंवा शहापूर तालुक्यात वडिलोपार्जित दोन-तीन एकर. बैलजोडी केव्हाच गेली, भाताच्या आवणीला (रोपं लावायला) माणसं मिळत नाहीत, म्हणून भावाभावांनी मिळून एक मिनी ट्रॅक्टर घेतलेला असतो आणि प्रश्न ठरलेला, "दादा, रोटाव्हेटर चार फुटी घेऊ का पाच फुटी?"

मी उलटा विचारतो, ट्रॅक्टरचं वजन किती आहे? एचपी सगळ्यांना पाठ असतो, वजन कोणालाच माहीत नसतं. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की लहान ट्रॅक्टरच्या बाबतीत अर्ध्याहून जास्त निर्णय त्या वजनावर ठरतात, उरलेले मातीवर, आणि एचपीचा नंबर त्याच्या नंतर लागतो. हे का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण एकदा हे डोक्यात बसलं की कुठल्याही दुकानात कोणी काहीही दाखवलं तरी तुमचं तुम्हाला कळतं.

आधी एक हिशोब करू. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, मीटरमध्ये साधारण १०१ चौरस मीटर. तो सहा इंच खोल उकरायचा तर पंधरा घनमीटर माती होते, आणि मातीचं वजन घनमीटरला सव्वा टनाच्या वर धरलं तर जवळपास २० टन. म्हणजे एका गुंठ्याची नांगरट म्हणजे दोन मोठे डंपर भरून माती जागच्या जागी हलवायची, आणि एकराला चाळीस गुंठे. हे काम करायचे दोनच मार्ग आहेत. एक, अवजार जमिनीत रुतवायचं आणि ट्रॅक्टरने ते पुढे ओढायचं, त्यात नांगर, कल्टिव्हेटर, वखर, तव्याचा हॅरो सगळे आले. दुसरा, इंजिनची ताकद मागच्या पीटीओ शाफ्टने (फिरत्या दांड्याने) सरळ अवजाराला द्यायची आणि अवजाराने स्वतः फिरून माती कापायची, म्हणजे रोटाव्हेटर. ओढायची आणि फिरवायची, असे हे दोन प्रकार. दिसायला दोन्ही मागेच लटकवलेले असतात पण ट्रॅक्टरकडे मागतात त्या गोष्टी एकदम वेगळ्या.

ओढायच्या अवजाराचं बघा. दहा इंची एक फाळ असलेला नांगर, म्हणजे २५ सेंटीमीटर रुंद, तो १८ सेंटीमीटर खोल चालवला तर मातीचा जो तुकडा कापायचा तो झाला ४५० चौरस सेंटीमीटर. मध्यम काळी जमीन चांगल्या वाफशावर (ना फार ओली ना कोरडी) असेल तर चौरस सेंटीमीटरला साधारण अर्धा किलो ओढ लागते, म्हणजे एकूण २२५ किलो. तीच जमीन भात कापून महिनाभर वाळली असेल तर ओढ दीड-पावणेदोन पट सहज होते. आता ताशी साडेतीन किलोमीटरच्या चालीने, म्हणजे सेकंदाला एक मीटर, हे २२५ किलो ओढायला किती एचपी लागते? एक एचपी म्हणजे सेकंदाला एक मीटर वेगाने ७५ किलोची ओढ, मग २२५ ला फक्त ३ एचपी! आणि आपला ट्रॅक्टर १५ नाहीतर १८ एचपीचा. मग तरीही तो नांगराला लावला की चाकं जागेवर का फिरतात?

कारण ओढ चाकं देतात, आणि चाकं किती ओढ देऊ शकतात ते त्यांच्यावर किती वजन आहे त्यावर ठरतं. मिनी ट्रॅक्टर सहाशे ते नऊशे किलोचा असतो. मऊ शेतात टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरकडून ढोबळमानाने त्याच्या वजनाच्या तिसरा हिस्सा ओढ धरायची, फोर व्हील ड्राइव्ह असेल तर जरा जास्त, चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत. म्हणजे आठशे किलोचा साधा ट्रॅक्टर अडीचशे-पावणेतीनशे किलो ओढणार, बस. इंजिन ओरडत राहील, डिझेल जाईल, टायर घासतील, पण त्याच्या पुढे एक किलो ओढ वाढणार नाही. म्हणून ४५ एचपीचा दोन टनी ट्रॅक्टर जे नऊ फणांचं कल्टिव्हेटर सहज ओढतो ते त्याच्या निम्म्या एचपीच्या ट्रॅक्टरला साडेचार फणांनी तेवढ्याच खोलीवर जमेल असं गणित लावू नका, तिथे एचपी अर्धा झाला असेल पण वजन अर्ध्याच्याही खाली गेलेलं असतं. मिनीला जास्तीत जास्त पाच फण, तेही एकदम खोल न घालता, आणि कठीण जमिनीत दोन वेळा फिरवून.

फिरवायच्या अवजाराचं उलट आहे. रोटाव्हेटरचा शाफ्ट ट्रॅक्टरच्या चाकांच्याच दिशेने फिरतो, त्यामुळे पाती माती कापताना ट्रॅक्टरला मागे खेचत नाहीत, थोडं पुढेच ढकलतात. चाकांवर ओढीचा बोजा जवळजवळ नसतोच, सगळी ताकद शाफ्टमधून जाते. हलका ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर यांची जोडी सगळीकडे दिसते त्याचं खरं कारण हे आहे. इथे मात्र एचपी मोजावाच लागतो, आणि तोही इंजिनचा नाही तर पीटीओचा, जो इंजिनच्या साधारण ८५ टक्के असतो. फुटाला पीटीओचे पाच ते सात एचपी, म्हणजे इंजिनचे सहा ते आठ, असा ठोकताळा मी वापरतो. १८ एचपीच्या इंजिनला अडीच ते तीन फूट, २५-२७ ला साडेतीन ते चार फूट, पाच फुटी पाहिजे तर ३५ च्या पुढचा ट्रॅक्टर. भारी काळी चिकट जमीन असेल तर रुंदीचा कमीकडचा आकडा धरा.

आता आपल्या जमिनीकडे येतो, कारण इथली गोष्ट देशावरच्या पेक्षा वेगळी आहे आणि बरेचसे व्हिडिओ नगर-नाशिककडच्या मोठ्या सपाट रानांचे असतात. ठाणे जिल्ह्यात पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, मुख्य पीक भात, आणि भाताचं खाचर म्हणजे कधी तीन गुंठे, कधी सात, चारी बाजूंनी बांध, एका खाचरातून दुसऱ्यात उतरायचं. नदीकाठाला काळी-मध्यम माती, वर डोंगराकडे तांबूस, उथळ, दगडगोटे असलेली वरकस जमीन जिच्यात नाचणी-वरी होते आणि फूटभर खाली मुरूम लागतो. भिवंडीकडे खाडीच्या अंगाला खारजमीन, तिथे चिखलात मिनी ट्रॅक्टर घालायच्या आधी माणूस चालवून बघा, माणूस गुडघाभर रुतला तर ट्रॅक्टर तिथे नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपलं एकच खाचर वर्षात दोन परस्परविरुद्ध गोष्टी मागतं. पावसाळ्यात भाताला पाणी धरून ठेवणारा तळ पाहिजे. चिखलणी करतो ती कशाला? मातीचे कण मोडून पाण्यात बारीक करायचे, ते खाली बसून भोकं बुजवतात, वर मऊ चिखल आणि खाली सहा-आठ इंचांवर एक घट्ट थर, म्हणजे पाणी मुरून जात नाही. वर्षानुवर्षं चिखलणी करून तो थर तयार झालेला असतो आणि भातासाठी तो सोन्यासारखा आहे. पण तेच भात निघालं की त्याच खाचरात वाल टाकायचा असतो, कोणी हरभरा, ज्याच्याकडे पाणी आहे तो भेंडी-काकडी लावून वाशीच्या मार्केटला पाठवतो, आणि या सगळ्यांच्या मुळांना तो थर आडवा येतो. मुळं खाली जातात, थराला टेकतात आणि आडवी वळतात.

म्हणून कुठलंही अवजार घ्यायच्या आधी एक सळई घ्या, बांधकामाची दहा एमएमची, आणि जमीन ओलसर असताना हाताने दाबत न्या. आधी सहज जाईल, मग एका खोलीवर अडेल, जोर लावला की पुन्हा सैल. अडते तिथे खूण करून इंच मोजा. हे शेताच्या पाच-सहा ठिकाणी करा. ज्या खाचरात भातच घ्यायचं आहे तिथे तो थर फोडायला सबसॉयलर कधीच घालू नका. शेजारच्या गावात एकाने हौसेने मोठा ट्रॅक्टर आणून भाताचं खाचर दीड फूट फोडून घेतलं आणि पुढचा पावसाळा पाणीच ठरेना, खालच्या खाचरवाल्याच्या बांधातून झिरपायला लागलं. ज्या तुकड्यात कायम भाजीपाला किंवा आंबा आहे तिथे मात्र फोडून घ्या, पण ते काम मिनी ट्रॅक्टरचं नाही, वर ओढीचं गणित दिलंच आहे, त्यासाठी तीन-चार वर्षांतून एकदा मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणायचा.

रोटाव्हेटरबद्दल जरा जास्त लिहितो कारण घेतात सगळे तोच आणि चुका पण तिथेच होतात.

आमची स्वतःची गोष्ट. पहिला ट्रॅक्टर घेतला तो १८ एचपीचा, आणि तालुक्याच्या एका दुकानदाराने चार फुटी रोटाव्हेटर गळ्यात मारला, "चालतो हो, सगळे नेतात" म्हणून. कोरड्यात हळूहळू चालला. पहिल्या पावसानंतर ओल्या काळ्या मातीत घातला तर इंजिन दबायला लागलं, आणि खरी भीती वाटली ती बांधावर. खाचरातून वरच्या खाचरात चढताना मागे अडीचशे किलोच्या वर लोखंड, त्यात चिकटलेला चिखल, आणि पुढची चाकं हातभर वर उचलली गेली. चुलतभाऊ चालवत होता, त्याने क्लच दाबून पटकन लिफ्ट खाली सोडली आणि अवजार टेकलं म्हणून तो वाचला. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे, मागे वजनदार अवजार असेल तर बांध रिव्हर्समध्ये चढायचा, म्हणजे अवजार चढाच्या बाजूला राहतं, आणि पुढे बंपरला वजनं लावल्याशिवाय ट्रॅक्टर शेतात न्यायचा नाही. पुढच्या चाकांवर एकूण वजनाच्या निदान वीस टक्के तरी भार पाहिजे, नाहीतर स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर वळत नाही. पुढे तो रोटाव्हेटर विकून तीन फुटी घेतला.

लोकांना वाटतं रुंद घेतला की काम लवकर. हिशोब करून बघा. तीन फुटी, ताशी अडीच किलोमीटरने, वळणं धरून, एकराला साधारण अडीच तास घेतो. चार फुटी दोन तास. म्हणजे एकरामागे अर्धा तास वाचतो, आणि तोही मोठ्या सलग शेतात, पाच गुंठ्याच्या खाचरात तर निम्मा वेळ वळण्यातच जातो, तिथे आखूड अवजार कोपऱ्यात चांगलं शिरतं. रुंदीची खरी अट दुसरी आहे, अवजाराने ट्रॅक्टरच्या मागच्या दोन्ही चाकांच्या खुणा झाकल्या पाहिजेत नाहीतर प्रत्येक फेरीला चाकाखाली दाबलेली पट्टी तशीच राहते. दुकानात जाताना मागच्या टायरच्या बाहेरून बाहेरपर्यंत टेप लावून माप घेऊन जा. रोटाव्हेटर तेवढा रुंद नसेल तर एका बाजूला सरकवून बसवता येतो का ते विचारा, म्हणजे निदान एक खूण झाकली जाते आणि बांधाच्या कडेपर्यंत पोचता येतं.

पाती दोन प्रकारची जास्त दिसतात. एल आकाराची, ती कोरड्या जमिनीत आणि गवत-धसकटं असतील तिथे चांगली, आडवी धार असल्यामुळे तण कापते. सी आकाराची वळणदार, भारी आणि ओल्या जमिनीसाठी, माती कमी चिकटते आणि ताकद कमी लागते. एलची एक खोड आहे, तिची आडवी बाजू तळाला घासत जाते, त्यामुळे ओल्या मातीत दर वर्षी त्याच चार-पाच इंचांवर फिरवलं की तिथे गुळगुळीत चकचकीत थर तयार होतो, गवंडी थापी फिरवतो तसा. भाताला चालेल, भाजीला नाही. भाजीच्या तुकड्यात दर दोन-तीन वर्षांनी तरी रोटाव्हेटरच्या आधी नांगर किंवा कल्टिव्हेटर खोल घालून तो थर मोडा.

दुसरी गोष्ट पातीच्या चाव्याची. शाफ्ट मिनिटाला दोनशे फेरे फिरतो आणि एका रांगेत तीन पाती आहेत असं धरा, म्हणजे सेकंदाला दहा घाव. ट्रॅक्टर ताशी अडीच किलोमीटरने चालला तर दोन घावांमध्ये सात सेंटीमीटर अंतर पडतं, चार किलोमीटरने चालला तर अकरा. हळू चाललात की माती पिठासारखी, जरा वेगात की जाडसर. आपल्याला पिठासारखी माती बघायला फार आवडते, पण रब्बीत तसली माती एक पाणी दिलं की वरून पापडी धरते आणि बी आतच अडकतं. वालाला तर एवढं काही लागतच नाही. भाजीला हरभऱ्याच्या दाण्यापासून लिंबापर्यंतची ढेकळं राहिली तरी चालतात, म्हणून वरचा गिअर टाकून एकदाच फिरवा, दोनदा तीनदा चोळू नका.

कधी फिरवायचं याला आपल्याकडे इतका नेमका शब्द आहे, वाफसा. मूठभर माती चार-पाच इंचांवरून काढा, दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटून मोकळी झाली तर घाला अवजार, तसाच राहिला किंवा चपटा झाला तर थांबा, आणि गोळाच होत नसेल तर उशीर झाला. आमचे काका नोव्हेंबरात असा गोळा टाकून बघतात आणि म्हणतात, "अजून दोन दिवस थांब, आता घातलास तर विटा पडतील." कल्याण-भिवंडी पट्ट्यात वीटभट्ट्या पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला लागत नाही, ओली चिकणमाती दाबून वाळवली की वीटच होते.

बाकीच्या अवजारांवर थोडक्यात. कल्टिव्हेटर हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं, कोणाला एकच घ्यायचं असेल तर मी पाच फणी घ्या म्हणतो. दगड-मुळं असलेल्या वरकस जमिनीत स्प्रिंगवालं, दगड लागला की फण मागे सरकतो, मोडत नाही. स्वच्छ खाचरात साधं घट्ट फणांचं चालतं. मागे लाकडी फळी किंवा लोखंडी अँगल साखळीने बांधला की ढेकळं फुटणं आणि सपाटी एका फेरीत होते. तव्याचा हॅरो आपल्या छोट्या खाचरांत मला कधी पटला नाही.

पलटी नांगराचा मात्र विचार करायला हवा. साधा नांगर माती एकाच बाजूला टाकतो, त्यामुळे गोल फिरत नांगरलं की शेताच्या मध्ये एक चर राहते आणि कडेला माती चढते. कोरडवाहू रानात त्याचं फार काही वाटत नाही, भाताच्या खाचरात एका बाजूला पाणी साचतं आणि दुसरीकडे भात कोरडं राहतं आणि तण माजतं. पलटी नांगर वळल्यावर फाळ उलटा करून माती परत त्याच बाजूला टाकतो, सपाटी टिकते. मिनी ट्रॅक्टरला एक फाळाचा, हाताने पलटवायचा मिळतो, हायड्रॉलिक घ्यायचा असेल तर ट्रॅक्टरला जादा तेलाची लाइन आहे का ते बघा. उथळ तांबूस जमिनीत खोल नांगरायचा मोह आवरा, खालचा मुरूम वर आला की दोन-तीन वर्षं ते शेत रुसतं.

चिखलणीला रोटाव्हेटर चालतो, पण पाणी चार-पाच बोटं उभं असू दे आणि चिखलात रबरी चाकांच्या जोडीला लोखंडी केज व्हील (पिंजऱ्यासारखी चाकं) लावा, नाहीतर हलका ट्रॅक्टर सुद्धा जागेवर खड्डा करत बसतो. केज व्हील लावून डांबरी रस्त्याने गावात यायचं नाही, रस्ता पण जातो आणि एक्सल पण. चिखलणीनंतर बेअरिंग आणि गिअरबॉक्सच्या सीलमध्ये पाणी शिरलंय का ते रोज संध्याकाळी बघा, तेल दुधाळ दिसलं की समजायचं. साइडला चेन असलेल्या रोटाव्हेटरपेक्षा गिअर असलेला चिखलात जास्त टिकतो, थोडे पैसे जास्त गेले तरी चिखलणी करणाऱ्याने गिअरवालाच घ्यावा.

आता जोडणी. ट्रॅक्टरच्या मागे जे तीन हात असतात, दोन खाली एक वर, ती थ्री पॉइंट लिंकेज. हॅरी फर्ग्युसनची ही कल्पना, १९३९ साली आलेल्या फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरपासून ती मोठ्या प्रमाणावर शेतकऱ्यांपर्यंत पोचली आणि आज जगातला बहुतेक प्रत्येक शेतीचा ट्रॅक्टर तीच वापरतो. तिची हुशारी अशी की अवजाराची ओढ मागच्या चाकांवर वजन बनून येते, म्हणजे हलका ट्रॅक्टर काम करताना तेवढ्यापुरता जड होतो. सीटशेजारी दोन लिव्हर असतील तर एक पोझिशनचा आणि एक ड्राफ्टचा. पोझिशन म्हणजे अवजार एका उंचीला धरून ठेवायचं, रोटाव्हेटरला तो. ड्राफ्ट म्हणजे जमीन कठीण लागली की लिफ्ट आपोआप जरा वर घेते आणि मऊ लागली की खाली सोडते, नांगर-कल्टिव्हेटरला तो. मी कितीतरी जण पाहिलेत जे वर्षानुवर्षं नांगर पोझिशनवर चालवतात आणि ट्रॅक्टर घसरतो म्हणून कंपनीला नावं ठेवतात.

जोडणीचे माप ठरलेले असतात, कॅटेगरी म्हणतात त्याला. कॅटेगरी वनच्या खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या, वरची १९, कॅटेगरी टूच्या २८ आणि २५. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांना वन किंवा त्याहून अरुंद वन-एन असते. जुनं अवजार कोणाकडून स्वस्तात घेताना पहिली पिन मोजा. बुश घालून भोक जमवता येतं, दोन हातांमधलं अंतर जमवता येत नाही, आणि जबरदस्तीने वाकवून बसवलेलं अवजार डाव्या-उजव्या बाजूला झोके खातं.

लिफ्टची क्षमता कागदावर ७५० किलो लिहिली असेल तर ती बहुधा खालच्या हातांच्या टोकाशी मोजलेली असते. अवजाराचं वजन त्याच्या बरंच मागे लटकतं, म्हणून प्रत्यक्षात उचलायची ताकद त्याहून कमी. मध्य प्रदेशातल्या बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे, तिच्या चाचणीच्या अहवालात पीटीओवर खरोखर मिळालेला एचपी, ओढ, वजन सगळं दिलेलं असतं. दुकानदाराकडे त्या मॉडेलचा टेस्ट रिपोर्ट मागा, पुस्तिकेतले रंगीत आकडे बाजूला ठेवा.

विकत घ्यायचं का भाड्याने, याचं माझं गणित तासांचं आहे. दोन एकर, तीन फेऱ्या, एकराला अडीच तास, म्हणजे वर्षाला पंधरा तास. एवढ्यासाठी चार अवजारं घेऊन पडवीत गंजवायची का? मी असं ठरवलं, जे काम सगळ्या गावाला एकाच पंधरवड्यात पाहिजे असतं त्याचं अवजार स्वतःचं असावं. आवणीच्या वेळी भाड्याचा ट्रॅक्टर आज-उद्या करतो आणि इकडे राबातली (रोपवाटिकेतली) रोपं जून होतात. म्हणून रोटाव्हेटर आणि केज व्हील आपले. मे महिन्यातली नांगरट दहा दिवस मागे-पुढे झाली तरी बिघडत नाही, ते भाड्याने, आणि मोठ्या वजनदार ट्रॅक्टरने केलेली जास्त चांगली होते. तीन-चार घरांनी मिळून एक पलटी नांगर घेणं हे पण आमच्याकडे चांगलं चाललंय.

अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करतात, वर्गवारीप्रमाणे ४० ते ५० टक्के, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. लहान शेतकरी, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना जास्तीचा दर. फक्त पूर्वसंमती यायच्या आधी खरेदी करू नका, आधी घेतलेल्या बिलावर मिळत नाही. सातबारा बाबांच्या नावावर आणि अर्ज मुलाच्या नावावर असा घोळ फार होतो, तो आधी मिटवा.

आणि एक विचार करून बघा की मशागत करायचीच किती. नेरळ आपल्या जिल्ह्याच्या हद्दीला लागूनच, तिथले चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राईस टेक्निक म्हणजे एसआरटी पुढे आणली. गादीवाफे एकदाच करायचे, चिखलणी नाही, आवणी नाही, बी सरळ टोकायचं, आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू द्यायची, पुढच्या हंगामाला नांगर लावायचाच नाही. गांडुळं आणि कुजलेली मुळं जमीन आतून मोकळी करतात. तणनाशकाचं वेळापत्रक चुकलं की मात्र तण माजतं आणि पाणी भरून राहणाऱ्या खोल खाचरात ते जमत नाही. आम्ही पाच गुंठ्यावर करून बघतोय. तुमच्या शेतात ते बसलं तर रोटाव्हेटरचा प्रश्नच निम्मा सुटला, म्हणून खरेदीच्या आधी एकदा नेरळला जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघून या, कर्जतच्या भात संशोधन केंद्रातही विचारा, दोन्ही एका दिवसात होतं.

शेवटचं, पीटीओ शाफ्ट. नवीन रोटाव्हेटर आला की शाफ्ट तुमच्या ट्रॅक्टरच्या मापाने कापून घ्यावा लागतो. लिफ्ट पूर्ण खाली, मध्ये आणि पूर्ण वर अशी तीन जागी करून बघा, एका नळीत दुसरी नळी वीतभर तरी कायम राहिली पाहिजे आणि सगळ्यात जवळ येते तेव्हा तळाला टेकता कामा नये, टेकली तर गिअरबॉक्स फुटतो. अवजार बांधावरून उचलून न्यायच्या आधी पीटीओ बंद. आणि शाफ्टवर जे प्लॅस्टिकचं पिवळं-काळं आवरण येतं ते ग्रीस घालायला अडचण होते म्हणून पहिल्याच आठवड्यात काढून फेकतात, ते कृपा करून काढू नका. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. खांद्यावरच्या टॉवेलचं टोक, ओढणी, पावसात गुंडाळलेलं प्लॅस्टिक, लुंगीचा सोगा, काहीही त्यात गेलं की हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. पातीत गवत गुंतलं तर आधी इंजिन बंद, चावी खिशात, मग खाली उतरायचं, आणि आवणीच्या घाईत लहान मुलं बांधावर असतील तर त्यांना दूर पाठवल्याशिवाय सुरू करायचं नाही. आमच्याकडे ट्रॅक्टर कोणीही चालवो, चावी काढल्याशिवाय रोटाव्हेटरला हात लावलेला काकांनी पाहिला तर त्या दिवशी त्याला परत सीटवर बसू देत नाहीत.